बाटलीतले स्नायू आणि पाच टक्के वायू

मे महिन्यात धुळ्याच्या देवपुरातले रस्ते दुपारी ओस पडतात. पांझरेच्या पात्रात पाण्यापेक्षा दगडच जास्त दिसतात, धुळ्याचा पारा ४२-४३ अंशांवर ठाण मांडून बसतो आणि ज्याला शक्य आहे तो कूलरसमोरून हलत नाही. अशा दिवसांत इथल्या एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेने स्नायूंच्या जिवंत पेशी वाढवायचे ठरवले, तर पहिली अडचण जरा विचित्रच येते. पेशींना हवे असतात ३७ अंश सेल्सिअस आणि बाहेर त्याहून जास्त गरम असते. पेशी ठेवायची पेटी, म्हणजे इन्क्युबेटर, आतली हवा तापवू शकते. थंड करण्याची सोय साध्या पेटीत नसते. खोलीपेक्षा चार-पाच अंश वरच ती स्थिर राहते. आत ३७ हवे असतील तर खोली ३२च्या आत ठेवावी लागते. एसी बंद पडला की खोलीबरोबर पेटीही तापते आणि पेशींना ताप भरतो.

याच पेटीच्या पाठीमागून एक नळी निघते आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला जाऊन मिळते. सोडावॉटरच्या कारखान्यात जातो तोच हा वायू, फक्त जास्त शुद्ध. बाहेरच्या हवेत तो जेमतेम ०.०४ टक्का असतो. पेटीत तो ५ टक्के ठेवायचा, म्हणजे हवेच्या शंभरपटीहूनही जास्त. उच्छ्वासातून टाकून द्यायचा वायू म्हणून शाळेत ज्याची ओळख होते, तो पेशींना विकत आणून का द्यायचा? आणि पाचाऐवजी दहा टक्के दिला, किंवा मुळीच दिला नाही, तर स्नायू घडण्यात काय बिघडते?

पाचाचा आकडा आला तो रक्तातून. माणसाच्या धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटर असतो. समुद्रसपाटीला हवेचा एकूण दाब ७६० मिलिमीटर. त्यातले ४० म्हणजे पाच टक्क्यांच्या किंचित वर. शरीरातली प्रत्येक पेशी जन्मापासून याच वायूच्या सोबतीने राहते. कामाला जुंपलेल्या स्नायूत तर तो आणखी वाढलेला असतो. मोकळी हवा आपल्याला कितीही आल्हाददायक वाटो, पेशीच्या दृष्टीने तो परका मुलूख आहे.

यामागचे रसायन सोपे आहे. वायू पाण्यात विरघळला की कार्बनिक आम्ल तयार होते आणि पाणी आंबट होते. पेशी ज्या द्रवात वाढवतात, ज्याला प्रयोगशाळेत सगळे ‘मीडिया’ म्हणतात, त्यात सोडियम बायकार्बोनेट घातलेले असते, म्हणजे आपला खाण्याचा सोडा. वायू सामू खाली ओढतो, सोडा वर ओढतो आणि दोघांच्या रस्सीखेचीत तो ७.४च्या आसपास टिकतो. माती परीक्षणाच्या अहवालात असतो तोच हा सामू, म्हणजे पीएच. खानदेशातल्या काळ्या जमिनीचा सामू आठाच्या वर गेला तरी कपाशी तग धरते. स्नायूपेशीला इतकी मोकळीक नसते.

सामू बिघडल्याचे कळावे म्हणून मीडियात फिनॉल रेड नावाचा रंग टाकतात. सामू ७.४ असेल तर द्रव लालसर दिसतो. आंबट होऊ लागला की केशरी आणि ६.८च्या खाली पिवळा. उलट वायू निघून गेला की गुलाबी, पुढे जांभळट. हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो, त्याच जातीचा हा खेळ आहे. मुरलेला संशोधक पेटीचे दार उघडतो तेव्हा आकड्याआधी बाटल्यांचा रंग बघतो. गुलाबी झाक दिसली की तो सिलिंडरकडे वळतो.

सिलिंडरचे आणखी एक दुखणे आहे आणि ते खानदेशाला खास लागू पडते. सिलिंडरमध्ये हा वायू दाबाखाली द्रवरूपात भरतात. जोवर आत थोडाही द्रव शिल्लक असतो, तोवर वरच्या मीटरचा काटा जागचा हलत नाही. द्रव संपला की मगच घसरू लागतो. काट्यावर विसंबणाऱ्याची फसगत ठरलेली, म्हणून जाणकार सिलिंडर वजनकाट्यावर ठेवतात. पण ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड कितीही दाबला तरी द्रव होत नाही. देवपुरात मे महिन्यात व्हरांड्यात उभ्या असलेल्या सिलिंडरमध्ये द्रव असा नसतोच. काटा दिवसा चढतो, पहाटे उतरतो. हिवाळ्यात बसवलेला अंदाज उन्हाळ्यात कामाला येत नाही. वजन मात्र बाराही महिने खरे बोलते.

शरीराबाहेर पेशी जगवण्याची विद्या शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी १९०७ साली बेडकाच्या चेतापेशीचा तंतू काचेवर वाढताना पाहिला. त्यानंतर पाच वर्षांनी अलेक्सिस कॅरल यांनी कोंबडीच्या हृदयाचा तुकडा वाढवायला घेतला आणि तो तीस वर्षांहून अधिक काळ जिवंत असल्याचे जगभर गाजले. १९६१ साली लेनर्ड हेफ्लिक यांनी, साध्या पेशी ठरावीक वेळाच विभागतात हे दाखवले आणि ‘अमर हृदया’वरचा विश्वास उडाला. या सुरुवातीच्या काळात आजच्यासारख्या वायूच्या पेट्या नव्हत्या. बाटलीचे तोंड घट्ट बंद करायचे आणि पेशींनी स्वतः सोडलेल्या वायूवर सामू सांभाळायचा, असा बहुतेक कारभार. आजही प्रयोगशाळांत खारट द्रावणाचे दोन जुने नुस्खे चालतात. हँक्स यांच्या नुस्ख्यात सोडा लिटरला फक्त ०.३५ ग्रॅम, कारण ते बंद बाटलीसाठी आहे. अर्ल यांच्या नुस्ख्यात २.२ ग्रॅम, कारण त्याला पाच टक्क्यांची हवा अपेक्षित आहे. एकाच्या जागी दुसरे वापरले की रंग काही मिनिटांत बोलतो.

ही विद्या महाराष्ट्रात रुजवली ती एका मराठी बाईने. कमल समर्थ १९१७ साली पुण्यात जन्मल्या. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक, मुलीचे शिक्षण हुजूरपागेत. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातून त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींवर एमएस्सी केले. लग्नानंतर त्या कमल रणदिवे झाल्या, मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली आणि बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत काम करून आल्या. हे गे म्हणजे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून हेला पेशी वाढवणारे. परत आल्यावर रणदिवे यांनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचे नाव आज मुख्यतः कर्करोगाच्या संशोधनासाठी घेतले जाते. बाटलीत पेशी जगवण्याची शिस्त इथे लावली हे त्यांचे काम मात्र तेवढे कुणी सांगत नाही.

पुण्यातल्या विषाणू संशोधन केंद्रात, आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, १९६७ साली के. आर. पी. सिंग यांनी डासांच्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या. त्या वंशातून पुढे काढलेली सी६/३६ ही शाखा आज जगभरच्या डेंग्यू प्रयोगशाळांत आहे. या पेशी २८ अंशांना, साध्या हवेत, सिलिंडरशिवाय वाढतात, कारण त्यांचा मीडिया सोड्याच्या आधाराने चालत नाही. पाच टक्क्यांचा नियम हा सगळ्या जिवांचा नाही. तो उष्ण रक्ताच्या प्राण्यांचा आणि त्यांच्यासाठी बनवलेल्या मीडियाचा आहे.

आता स्नायूंकडे वळू.

बाटलीतल्या स्नायूंवर जगभर जे काम चालते, त्यातला फार मोठा भाग एकाच उंदराच्या कुळावर उभा आहे. इस्राएलमधल्या वाइझमान संस्थेत डेव्हिड याफे यांनी १९६८ साली उंदीरवर्गातल्या मोठ्या घुशीसारख्या प्रयोगप्राण्यापासून, म्हणजे रॅटपासून, एल६ नावाचा वंश काढला. १९७७ साली ओरा सॅक्सेल यांच्यासह त्यांनी छोट्या उंदराच्या मांडीच्या स्नायूतून दुसरा वंश काढला. त्यासाठी स्नायूला आधी इजा करण्यात आली होती. स्नायूच्या तंतूंना चिकटून काही राखीव पेशी झोपून असतात. अलेक्झांडर मॉरो यांनी त्या १९६१ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. इजा झाली की त्या जाग्या होतात, विभागू लागतात आणि दुरुस्तीला लागतात. त्या जाग्या झालेल्या पेशींतून आलेला वंश पुढे स्टॅनफर्डमध्ये हेलन ब्लाऊ यांनी आणखी निवडला. तोच सी२सी१२. भारतात तो हवा असेल तर बहुतेक जण पुण्याच्या गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे (एनसीसीएस) मागणी नोंदवतात. देशभरच्या स्नायूंवरच्या शोधनिबंधांत ‘पेशी एनसीसीएस, पुणे येथून घेतल्या’ हे वाक्य सारखे भेटते. जिवंत पेशी पाठवायच्या तर बाटली मीडियाने काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून पाठवतात. वर हवेला जागाच राहिली नाही की वायू निसटत नाही आणि धुळ्यापर्यंतच्या सव्वातीनशेहून अधिक किलोमीटरच्या प्रवासात सामू शाबूत राहतो.

बाटलीत स्नायू घडताना पाहणे हा जीवशास्त्रातला एक सुंदर देखावा आहे. सुरुवातीला पेशी सुट्या असतात, कुणी चकतीसारख्या पसरट, कुणी चातीसारख्या निमुळत्या. मीडियात गाईच्या गर्भाच्या रक्ताचा सीरम १० टक्के असतो, तोवर त्यांना एकच उद्योग : विभागणे. तळ ७०-८० टक्के भरला की संशोधक सीरम बदलतो आणि घोड्याचा, तोही फक्त २ टक्के, देतो. आबाळ झाली की पेशींचे वागणे पालटते. विभागणे थांबते. मायोजेनिन नावाचे प्रथिन तयार होऊ लागते, पेशी लांबट होऊन एका दिशेला रांगेत लागतात. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास शेजारच्या दोन पेशींमधले पडदे विरघळतात आणि दोघींची एक होते; मग तिच्यात तिसरी, चौथी. पाच-सहा दिवसांत तळावर लांबच लांब नळ्या दिसतात, एकेकीत कित्येक केंद्रके. या नळ्यांना मायोट्यूब म्हणतात. कधी एखादी नळी भिंगाखाली बघता बघता स्वतःहून आकसते आणि सैल होते. एकाच पेशीपासून अशा नळ्यांची वसाहत होऊ शकते, हे अमेरिकेत आयर्विन कोनिग्सबर्ग यांनी १९६३ साली दाखवून दिले होते.

या प्रत्येक टप्प्याला सामूचा धक्का वेगळा बसतो.

वायू कमी पडला तर मीडिया अल्कधर्मी होतो. पेशींना एकमेकींत मिसळायला मोकळे कॅल्शियम लागते. याफे यांच्याच गटाने १९६९च्या सुमारास ते काढून घेतले तेव्हा पेशी रांगेत लागल्या पण एक झाल्या नाहीत. सामू चढला की मीडियातले कॅल्शियम फॉस्फेटशी बांधले जाऊन गाळ होऊन खाली बसू शकते. तयार झालेल्या नळ्या तर मुळातच नाजूक. बाटली टेबलावर अर्धा तास उघडी राहिली, मीडिया गुलाबी झाला, की त्यांच्या कडा सुटायला लागतात. फोटो काढण्याच्या नादात आठवड्याची मेहनत तरंगताना पाहणारे विद्यार्थी कुठल्याही प्रयोगशाळेत सापडतील.

वायू जास्त झाला तर उलटे. स्नायूच्या नळ्या साखर भराभर जाळतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात, म्हणजे आंबटपणाची त्यांच्याकडे घरचीच सोय असते. त्यात बाहेरून आम्लाची भर पडली की नवी प्रथिने बांधण्याचा वेग मंदावतो आणि जुनी मोडण्याचा वाढतो. हे बाटलीबाहेरही खरे आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांचे रक्त आंबट होते आणि त्यांचे स्नायू झिजतात. विल्यम मिच यांच्या गटाने १९८६ साली रॅटच्या स्नायूंवर दाखवले की आम्लता स्वतःच प्रथिनांची मोडतोड वाढवते. अशा रुग्णांना डॉक्टर पुष्कळदा गोळीच्या रूपाने सोडाच देतात.

इथे एका जुन्या विसंगतीचा उल्लेख करायला हवा. स्नायूपेशींसाठी सर्वाधिक वापरला जाणारा मीडिया डीएमईएम. त्याचा मूळ नुस्खा रेनाटो डल्बेको यांचा, १९५९चा. त्यात सोडा लिटरला ३.७ ग्रॅम आहे, कारण तो १० टक्के वायूसाठी बेतलेला होता. जगातल्या बहुतेक पेट्या मात्र पाचावर लावलेल्या असतात. हिशेब मांडला तर १० टक्क्यांना या मीडियाचा सामू ७.४च्या आसपास येतो आणि ५ टक्क्यांना ७.७. अमेरिकेतली पेशींची बँक एटीसीसी सी२सी१२साठी सोडा १.५ ग्रॅमवर आणलेला डीएमईएम सुचवते. त्याचा सामू ५ टक्क्यांना ७.३च्या जवळ येतो. पण बाजारात सहज मिळते ती ३.७ ग्रॅमची बाटली, आणि पेशींनी सोडलेले आम्ल दोन दिवसांत सामू खाली आणतेच, म्हणून चालते आणि चालवले जाते. दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळत नाहीत तेव्हा संशय सीरमवर घेतात, पेशींच्या वयावर घेतात. बाटलीच्या लेबलावरचा सोड्याचा आकडा आणि पेटीवरचा वायूचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहायचे कष्ट फार थोडे घेतात.

उंचीचाही थोडा हात आहे. पेटी मोजते टक्केवारी. पेशीला जाणवतो दाब. पेटीतली वाफ वजा केली तर मुंबईत ५ टक्के म्हणजे सुमारे ३६ मिलिमीटर, अडीचशे मीटर उंचीच्या धुळ्यात ३४-३५, साडेपाचशेवरच्या पुण्यात ३३. इतक्याने सामू हलत नाही म्हटले तरी चालेल. लेहमध्ये मात्र तोच आकडा २२च्या आसपास येतो आणि मीडिया ०.२ने अल्कधर्मी होतो. देवपूरला खरी धास्ती उंचीची नाही, कोरड्या हवेची. उन्हाळ्यात पेटीतले पाण्याचे ताट लवकर आटते, मीडियातले पाणी उडते आणि क्षार घट्ट होतात. जुन्या पेट्यांत वायू मोजणारा सेन्सर उष्णतावहनावर चालतो. दमटपणा बदलला की तो चुकीचा आकडा दाखवतो. इन्फ्रारेड सेन्सरला हा रोग नाही, पण तो महाग.

इथपर्यंत गोष्ट सामूची झाली. मग सामू दुसऱ्या एखाद्या रसायनाने पक्का बांधला, तर वायूची गरज उरते का? एचईपीईएस नावाचे असे रसायन १९६६ सालापासून उपलब्ध आहे. लिबोविट्झ यांनी तर १९६३ सालीच एल-१५ हा वायूशिवाय चालणारा मीडिया बनवला होता. पेशी त्यांत जगतात. पण थोड्या असतील आणि वाढायच्या असतील तर वायूशिवाय अडखळतात, कारण डीएनएचे काही घटक आणि स्निग्धाम्ले बांधताना त्यांना बायकार्बोनेटमधला कार्बन खरोखरच लागतो. गर्दी असली की एकमेकींच्या श्वासावर भागते.

उलट प्रश्न अधिक अवघड. बाहेरचा सामू ७.४लाच ठेवला आणि नुसता वायू वाढवला तर? अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ जेकब्स यांनी १९२० साली एक नामी प्रयोग केला होता. काही फुलांचा रंग आम्लात बदलतो. त्यांनी अशी फुले अल्कधर्मी द्रावणात ठेवली, पण त्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड भरलेला होता. बाहेरचे पाणी अल्कधर्मी असूनही पाकळ्यांच्या पेशी आतून आंबट झाल्या. कारण वायू पेशीच्या पडद्यातून सरळ आत जातो आणि बायकार्बोनेट दारात अडकते. संशोधक बाहेरचा रंग बघून निर्धास्त असतो, आत वेगळेच चाललेले असते.

शिवाय वायू संदेश म्हणूनही वागतो. जळगावच्या केळीवाल्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन सोडले तरी केळ्यांनी स्वतः टाकलेला कार्बन डायऑक्साइड साचला, तर पिकणे रेंगाळते. म्हणून चेंबर ठरावीक वेळाने उघडून हवा बदलतात आणि हा वायू एक टक्क्याच्या आत ठेवतात.

स्नायूंत असे काही घडते का, याचे बरेचसे स्पष्ट उत्तर २०१५ साली आले. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात एरियल जेतोविच, जेकब स्नायडर आणि सहकाऱ्यांनी सी२सी१२च्या तयार नळ्या जास्त वायूत ठेवल्या, पण मीडियाचा सामू बांधून घेऊन. नळ्या बारीक झाल्या. दोष आंबट मीडियाचा नव्हता. पेशीत एएमपीके नावाचा, इंधनाची टंचाई ओळखणारा एन्झाइम जागा झाला होता. त्याने फॉक्सओ३ए या प्रथिनाला केंद्रकात धाडले आणि तिथून एमयूआरएफ१ची निर्मिती वाढली. या एमयूआरएफ१चे काम स्नायूतल्या प्रथिनांवर मोडीत काढण्याची चिठ्ठी चिकटवणे. १० टक्के वायूच्या हवेत ठेवलेल्या उंदरांचे स्नायूही असेच झिजले. याच गटातून पुढे आलेल्या कामात, वायू वाढला की प्रथिने बांधणाऱ्या रायबोसोमांची निर्मितीही घटते, असे दिसले. म्हणजे मोडणे वाढते आणि बांधणे कमी होते, दोन्ही एकाच वेळी.

जपानमध्ये कोबे विद्यापीठाच्या डॉक्टरांनी मात्र २०११ साली उलट दिशेचा निकाल मांडला होता. रॅटच्या पायाला जेल लावून त्यावर कार्बन डायऑक्साइड थोडा वेळ सोडला, हे बऱ्याच आठवड्यांत अनेकदा केले, तर स्नायूत मायटोकाँड्रिया वाढले. दोन्हींत भांडण असलेच पाहिजे असे नाही. कोबेत वायू बाहेरून, थोडा वेळ आणि एकाच पायाला मिळतो. तिथे रक्तपुरवठा आणि ऑक्सिजन सुटणे वाढते. शिकागोतल्या पेशी दिवसेंदिवस त्याच वायूत बुडालेल्या असतात आणि त्यांना रक्ताचा आधार नसतो. ‘कार्बन डायऑक्साइड स्नायूंना चांगला की वाईट’ असा सरसकट प्रश्न विचारणाऱ्याला म्हणूनच उत्तर मिळत नाही. किती, किती वेळ आणि पेशीच्या कुठल्या अवस्थेत, हे सांगावे लागते.

शिकागोच्या प्रयोगाचे बीज दवाखान्यात आहे. सीओपीडी या फुप्फुसाच्या आजारात श्वासनलिका आकसतात आणि पुढच्या अवस्थेतल्या काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून राहतो. यातल्या अनेकांचे दंड-मांड्या सुकत जातात. खेड्यापाड्यांत हा आजार बिडी न ओढलेल्या बायकांनाही होतो. तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हाच मुद्दा जगापुढे ठेवला : धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीमागे चुलीचा धूर हे मोठे कारण आहे. खानदेशात कपाशी निघाली की पऱ्हाट्या सरपणाला येतात आणि बंद स्वयंपाकघरात त्यांचा धूर कसा कोंडतो, हे सांगायला नको. अशा रुग्णाचे स्नायू झिजायला हालचाल थांबणे, कमी खाणे, स्टिरॉइडची औषधे, शरीरातला दाह अशी आणखीही कारणे असतात. एकट्या वायूवर ठपका ठेवता येणार नाही. पण या साऱ्या गुंत्यातून वायूचा वाटा वेगळा काढून मोजायचा, तर बाटलीतल्या नळ्यांइतके सोयीचे साधन नाही. तिथे ना स्टिरॉइड, ना उपासमार, ना अंथरुणाला खिळणे.

दुसऱ्या टोकाला, बाटली सोडून मोठ्या टाकीत स्नायू वाढवण्याची खटपट चालू आहे. मास्ट्रिख्टच्या मार्क पोस्ट यांनी ऑगस्ट २०१३मध्ये लंडनमध्ये गाईच्या स्नायूपेशींपासून वाढवलेला बर्गर तळून दाखवला. त्यात सुमारे २०,००० बारीक स्नायूतंतू होते. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने २०१९ साली अशा मांसाच्या संशोधनासाठी केंद्र उभारण्याची घोषणा केली होती. टाकीत गणित उलटते. बाटलीत द्रवाचा थर काही मिलिमीटरचा, वायू वरून आत घालावा लागतो. हजारो लिटरच्या टाकीत कोट्यवधी पेशी उच्छ्वास टाकत असतात आणि तळाच्या वायूला वर यायला वाट मिळत नाही. त्याचा दाब शंभर मिलिमीटरच्या पुढे सहज जातो आणि पेशींची वाढ मंदावते. तो बाहेर काढायचा तर खालून हवेचे बुडबुडे सोडायचे. बुडबुडा पृष्ठभागावर फुटताना जवळच्या पेशींना फाडतो, म्हणून पेशींना सांभाळणारे एक रसायन घालायचे. त्यातून फेस येतो, म्हणून फेस मोडणारे दुसरे. सामू सावरायला अल्कधर्मी द्रावण ओतले की मीडिया खारट होतो आणि स्नायूपेशी त्याही बाबतीत फारशा सोशिक नाहीत.